एक्स्टर्नल हार्ड डिस्क माउंट होत नाही तेव्हा: आधी हात आवरा, मग कडी शोधा

डिस्क जोडली. दिवा लागला, आत काहीतरी फिरल्याची बारीक थरथरही हाताला लागली, पण फाइल्सच्या खिडकीत तिचा पत्ता नाही. किंवा त्याहून बिकट म्हणजे विंडोजने एक चौकट पुढे केली आहे: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? त्या चौकटीत फॉरमॅटशिवाय दुसरा उपाय लिहिलेलाच नसतो, त्यामुळे भलाभला माणूस तिथे ‘हो’ म्हणून बसतो. तिथे ‘कॅन्सल’ दाबा आणि मग पुढचं वाचा.

ओळखीपाळखीतून माझ्याकडे अशा डिस्क येत असतात. त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या नसतातच. केबल दमलेली असते, ड्राइव्ह लेटर हरवलेलं असतं, नाहीतर मॅक पाठीमागे गुपचूप तपासणी करत बसलेला असतो. ज्या खरंच आजारी असतात त्यातल्या काहींचा जीव मात्र आजाराने जात नाही, उपचाराने जातो. एक मी स्वतःच घालवलेली आहे, त्याबद्दल पुढे सांगतोच. म्हणून इथे युक्त्यांपेक्षा क्रमावर भर आहे: काय आधी, काय नंतर, आणि हात कुठे मागे घ्यायचा.

एक सूचना: आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची.

## नेमकं कुठे अडलंय

‘माउंट होत नाही’ हे एका बिघाडाचं नाव नाही. डिस्क जोडल्यापासून फोल्डर उघडेपर्यंत कड्यांची एक साखळी असते. पोर्टमधून वीज मिळते. केबलमधून ती आणि डेटा केसमधल्या लहानशा बोर्डापर्यंत पोचतात. हा बोर्ड म्हणजे ब्रिज, यूएसबी आणि साटा (डिस्कची स्वतःची आतली जोडणी) यांच्यातला दुभाष्या. त्याच्या मागे खरी डिस्क, जी फिरून तयार व्हावी लागते. ती तयार झाली की संगणक तिच्या सुरुवातीचं पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठवर आहेत याची यादी, वाचतो, मग त्या भागातली, म्हणजे पार्टिशनमधली फाइल सिस्टिम (फाइल्स मांडून ठेवण्याची पद्धत) ओळखतो, आणि सगळं जुळलं तर शेवटी तिला एखादं अक्षर किंवा नाव देऊन आपल्यापुढे ठेवतो. हे शेवटचं पाऊल म्हणजे माउंट.

यातली कुठलीही कडी तुटली तरी आपल्याला एकच दिसतं, ते म्हणजे काहीच न दिसणं. त्यामुळे तपासणी बाहेरून आत करायची. केबल बदलायला अर्धं मिनिट लागतं आणि त्यात कुठलाही धोका नाही. फाइल सिस्टिम दुरुस्त करायला तास लागतात आणि ती डिस्कवर लिहिते. लोक नेमकं उलट करतात, कारण दुरुस्तीचं बटण स्क्रीनवर समोर असतं आणि दुसरी केबल शेजारच्या खोलीतल्या कपाटात.

त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मला डिस्क हवी आहे की डेटा? आत जे आहे त्याची दुसरी प्रत कुठेतरी असेल, तर निवांत व्हा. केबल तपासा, फॉरमॅट करून बघा, चालली तर वापरा, नाही तर टाकून द्या. दुसरी प्रत नसेल तर इथून पुढे एकच नियम: डेटा दुसरीकडे उतरवून होईपर्यंत या डिस्कवर एकही बाइट लिहायचा नाही. फॉरमॅट नाही, इनिशियलाइज नाही, दुरुस्ती नाही, आणि सापडलेल्या फाइल्स त्याच डिस्कवर साठवणं तर नाहीच नाही.

## वीज, केबल, पोर्ट

केसवरचा दिवा लागला म्हणजे डिस्कला वीज पोचली, असं नसतं. दिवा ब्रिजच्या बोर्डावर असतो आणि त्याला लागणारी वीज नगण्य. डिस्कच्या मोटरला स्थिरावस्थेतून फिरायला लागताना मात्र जोर लागतो. यूएसबी 2.0 च्या पोर्टकडून नियमानुसार 500 मिलीअँपिअर मिळतात, यूएसबी 3.0 कडून 900. लॅपटॉपमधल्यासारखी अडीच इंची डिस्क फिरायला लागण्याच्या क्षणी एक अँपिअरच्या आसपास मागू शकते. पोर्ट सुस्थितीत असेल तर तो क्षण निभावतो. जुन्या लॅपटॉपचा पोर्ट, स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब किंवा लांबलचक एक्स्टेन्शन केबल मध्ये असेल तर नाही निभावत. मग दिवा लागतो, मोटर फिरायला लागते, दम लागून थांबते, पुन्हा फिरायला लागते. कान लावला तर हे चक्र स्पष्ट ऐकू येतं. खराब झालेल्या डिस्कचा आवाज म्हणून लोक जो सांगतात तो कित्येकदा हाच असतो.

तेव्हा हब काढा, डिस्क थेट संगणकाला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला, मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतून एका लांब वायरीने जोडलेले असतात आणि तीच अनेकदा कच्ची निघते.

मग केबल. यूएसबी 3 च्या पोर्टेबल डिस्कना बहुतेकदा तो रुंद, चपटा, मधे खाच असलेला मायक्रो-बी प्लग असतो. या प्लगवर माझा जुना राग आहे. बॅगेत डिस्कसोबत गुंडाळून ठेवला की तो एका बाजूला वाकतो, आणि त्याचे दोन भाग दोन वेगवेगळी कामं करत असल्यामुळे अर्धाच बसला तरी काहीतरी चालू झाल्यासारखं दिसतं. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, प्लग पूर्ण आत दाबा आणि केबलला अगदी हलकं डावी-उजवीकडे ढकलून बघा. तेवढ्याने संगणकाचा जोडल्याचा-काढल्याचा आवाज आला, तर गुन्हेगार सापडला. हलवाहलव तिथेच थांबवा, कारण चालू डिस्कची वीज अशी येत-जात राहणं तिला बाधतं. दुसरी केबल लावा. टाइप-सीची डिस्क असेल तर फोनच्या चार्जरची केबल वापरू नका, त्यातल्या काहींमध्ये डेटाच्या तारा नसतात किंवा त्या फक्त यूएसबी 2.0 च्या असतात.

टेबलावर ठेवायच्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कना 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. तो मेला की दिवाही लागत नाही, आणि हा बिघाड सगळ्यात स्वस्तातला. फक्त घरातला ‘पिन बसते’ असा कुठलाही अडॅप्टर खुपसू नका. लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर त्याच भोकात आरामात बसू शकतो आणि बोर्ड जाळू शकतो. व्होल्ट आणि ध्रुव (अधिक-उणे) तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर छापलेल्याइतके किंवा जास्त चालतील.

शेवटची बाहेरची चाचणी: दुसरा संगणक. शक्य असेल तर वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा.

## कान लावा

डिस्क फिरती असेल, म्हणजे एसएसडी नसेल, तर ती स्वतःच बरंच सांगते. केसवर बोट ठेवा आणि जोडा. एकसारखी गुणगुण आणि सुरुवातीला बारीक टिकटिक: ठीक आहे. काहीच कंप नाही: वीज, बोर्ड किंवा मोटर. बारीक ‘बीप’सारखा आवाज, फिरणं नाही: मोटर जोर लावतेय आणि जागची हलत नाहीये. पोर्ट आणि केबल बदलूनही हा आवाज आला तर वाचणारं डोकं, म्हणजे हेड, तबकडीला चिकटलं असण्याची शक्यता मोठी. आणि ठराविक लयीत टक्, टक्, टक्, मग शांतता, मग पुन्हा तेच: हेड आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये.

हा शेवटचा आवाज चांगल्या पोर्टवर, चांगल्या केबलने येत असेल आणि आतला डेटा मोलाचा असेल, तर डिस्क आत्ताच्या आत्ता काढून ठेवा. आणखी एकदा लावून बघण्याचा मोह आवरा. हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. ते बिघडलं असेल तर प्रत्येक फेरी पृष्ठभाग खरवडू शकते, आणि खरवडलेला डेटा जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

## संगणकाला ती दिसते का

आवाज ठीक आहे, केबल ठीक आहे. आता फाइल्सच्या खिडकीकडे दुर्लक्ष करा आणि एक पायरी खाली जाऊन विचारा. विंडोजवर स्टार्टच्या बटणावर राइट-क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’, आणि तिच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा, नाहीतर ती फक्त पार्टिशन दाखवते. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एल-एस-बी-एल-के.

इथे नावापेक्षा आकडा बघा. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते आणि 2 टीबीची 1863. हा घोटाळा नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने. आकडा बरोबर आहे? मग ब्रिज आणि डिस्क यांचं बोलणं होतंय, अडचण पार्टिशन किंवा फाइल सिस्टिममध्ये आहे आणि परिस्थिती बरीच आशादायक आहे. आकडा शून्य आहे, ‘नो मीडिया’ म्हणतोय, किंवा 2 टीबीच्या जागी भलताच काही आहे? मग ब्रिज जागा आहे पण डिस्क त्याला उत्तर देत नाहीये. अशा डिस्कवर रिकव्हरीची सॉफ्टवेअर चालवण्यात अर्थ नाही, ती वाचणार कुठून? काहीच नोंद नाही? परत केबल-पोर्टकडे, आणि त्यानंतर ब्रिजवर संशय.

## विंडोज

डिस्क मॅनेजमेंटमध्ये खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते. डावीकडे डिस्कचं नाव आणि अवस्था, उजवीकडे पार्टिशन. निदान तिथेच लिहिलेलं असतं.

पार्टिशन ‘हेल्दी’ आहे, फाइल सिस्टिमचं नावही दिसतंय, फक्त अक्षर नाही: सगळ्यात सुखाचा प्रकार. पार्टिशनवर राइट-क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, आणि वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं अक्षर द्या. नेटवर्क ड्राइव्हने आधीच पकडलेलं अक्षर डिस्कच्या वाट्याला आलं की हा गोंधळ होतो.

‘ऑफलाइन’: डावीकडच्या नावावर राइट-क्लिक करून ‘ऑनलाइन’. एका डिस्कची हुबेहूब क्लोन केलेली दुसरी डिस्क एकाच वेळी जोडली की दोघींची सही, म्हणजे ओळखक्रमांक, सारखी भरते आणि विंडोज एकीला बाहेर बसवतं.

‘रॉ’: पार्टिशन आहे, पण आतली फाइल सिस्टिम विंडोजला ओळखू येत नाही. फॉरमॅट करण्याची ती चौकट बहुतेकदा इथूनच येते. चूक दरवेळी डिस्कची नसते. लिनक्समधल्या ईएक्सटी4 ची किंवा मॅकमध्ये तयार केलेली डिस्क विंडोजला आपली भाषा बोलत नाही म्हणून परकी वाटते. ती डिस्क आधी कुठे वापरली जायची, हे मालकाला विचारा. मी एकदा तासभर खटपट केल्यावर हा प्रश्न विचारला होता. उत्तर आलं, “हो, ती मॅकवरचीच आहे.”

‘नॉट इनिशियलाइज्ड’ किंवा सगळी जागा ‘अनअलोकेटेड’: पार्टिशन टेबल वाचता येत नाहीये. विंडोज लगेच इनिशियलाइज करू का म्हणून विचारतं. त्याने फाइल्स पुसल्या जात नाहीत हे खरं, पण जुन्या टेबलच्या जागी नवं कोरं टेबल लिहिलं जातं. नकार द्या. जीपीटी प्रकारच्या टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते आणि टेस्टडिस्कसारखं मोफत साधन हरवलेली पार्टिशन शोधून काढू शकतं. ते नंतर, प्रतीवर.

बिटलॉकरने कुलूप लावलेली डिस्क पासवर्ड किंवा 48 अंकी रिकव्हरी की मागते. ती की नसेल तर पुढे रस्ता नाही. डिस्क तयार करणाऱ्याचं मायक्रोसॉफ्ट खातं, किंवा ऑफिसची असेल तर तिथला आयटी विभाग, इथे ती बहुधा जपलेली असते.

आणखी एक जागा बघून ठेवा: ‘इव्हेंट व्ह्यूअर’, त्यात ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिस्टिम’. ‘डिस्क’ या स्रोताच्या नोंदींमध्ये क्रमांक 7 म्हणजे खराब ब्लॉक सापडला, 153 म्हणजे वाचण्या-लिहिण्याची विनंती पुन्हा करावी लागली, 157 म्हणजे डिस्क अचानक गायब झाली. सतत 157 दिसत असेल तर मी केबलकडे बघतो. 7 ची रांग लागली असेल तर डिस्ककडे, आणि जरा घाईने.

## मॅक

मॅकची एक खोड माहीत नसेल तर चांगली डिस्क गेली म्हणून टाकून द्याल. एक्सफॅट या फाइल सिस्टिमची डिस्क नीट ‘इजेक्ट’ न करता ओढून काढली असेल, तर पुढच्या वेळी जोडल्यावर मॅक आधी तिची तपासणी करतो आणि ती संपेपर्यंत माउंट करत नाही. सांगत मात्र काही नाही. मोठी, भरलेली डिस्क असेल तर हे तासन् तास चालतं. डिस्क युटिलिटीत नाव फिकट दिसतं, ‘माउंट’ दाबलं की चूक येते. ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडा, सगळ्या प्रक्रिया दाखवायला सांगा आणि एफ-एस-सी-के असं शोधा. ते नाव दिसलं तर घाई नसल्यास डिस्क तशीच लावून रात्रभर सोडा. घाई असेल तर ती प्रक्रिया बंद करा. डिस्क लगेच माउंट होते, पुष्कळदा फक्त वाचण्यापुरती. आपल्याला तेवढंच हवं असतं: डेटा उतरवून घ्या.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकबुकवर, मॅकओएस व्हेंचुरापासून, नवी वस्तू जोडली की परवानगी विचारली जाते. घाईत नकार दिला गेला असेल तर डिस्कला वीज मिळते, पण डेटाची देवाणघेवाण होत नाही. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन बघा. फाइंडरच्या सेटिंगमध्ये एक्स्टर्नल डिस्क दाखवण्याची खूण निघालेली असते, तेव्हाही डिस्क माउंट झालेली असून दिसत नाही. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमची डिस्क मॅक वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. तो बिघाड नाही. आणि एपीएफएस ही ॲपलची फाइल सिस्टिम मॅकवर 2017 साली हाय सिएरासोबत आली, त्यामुळे त्याहून जुन्या मॅकवर अशी डिस्क उघडण्याची आशा धरू नका.

## लिनक्स

लिनक्सची मजा म्हणजे तो सगळं बोलून दाखवतो. डिस्क काढा, टर्मिनलमध्ये सुडो लावून डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा डबल डॅश फॉलोसह चालवा आणि मग डिस्क जोडा. ओळी पडत जातील. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ आणि पुढे एरर वजा 71 किंवा वजा 110 आलं, तर संगणक आणि ब्रिज यांची पहिली ओळखच होत नाहीये. केबल, पोर्ट, वीज. ओळख झाली, आकार छापला आणि मग ‘आय/ओ एरर’, ‘मीडियम एरर’, सोबत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या लहानशा कप्प्याचा, क्रमांक, असं येत राहिलं तर डिस्कचा पृष्ठभाग वाचता येत नाहीये. दोन्हींमधला फरक दहा सेकंदांत कळतो. म्हणून माझ्या पिशवीत लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून संगणक थेट लिनक्समध्ये चालू होतो असा, कायम असतो, समोरचा संगणक विंडोजचा असला तरी.

एनटीएफएसची डिस्क लिनक्सवर माउंट होत नाही याचं नेहमीचं कारण वेगळंच असतं. विंडोज 8 पासून आलेलं ‘फास्ट स्टार्टअप’ संगणक बंद करताना पूर्ण बंद करत नाही, अर्धवट झोपवतं. त्या वेळी जोडलेली डिस्क ‘अजून वापरात आहे’ अशा खुणेसह राहते. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, 5.15 आवृत्तीपासून आलेला एनटीएफएस3 ड्रायव्हर अशी ‘डर्टी’ खूण दिसली की माउंट करायला नकार देतो. उपाय: डिस्क त्याच विंडोज संगणकाला लावा, शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा, मग काढा. विंडोज हाताशी नसेल तर फक्त वाचण्यासाठी माउंट करून बघा. जबरदस्तीचा पर्याय असतो, पण दुसरी प्रत नसलेल्या डिस्कवर मी तो वापरत नाही.

## दुरुस्तीआधी तब्येत

इथवर आलात म्हणजे डिस्क दिसते, आकार बरोबर आहे, पण फाइल सिस्टिम बिघडलेली आहे. आता हात शिवशिवतात. थांबा, आधी स्मार्ट बघा, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंदवही. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्ट-सी-टी-एल. काही ब्रिज ही नोंदवही बाहेर येऊ देत नाहीत, तेव्हा इलाज नाही.

वर लिहिलेला ‘गुड’ किंवा ‘पास्ड’ हा शेरा माझ्या मते निरुपयोगी. तो पास्ड असताना मरायला टेकलेल्या डिस्क मी पाहिल्या आहेत. चार ओळी वाचा. क्रमांक 5: बदली दिलेले सेक्टर. 197: वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघणारे सेक्टर. 198: वाचता न येणारे म्हणून नोंदलेले. या तिन्हींच्या ‘रॉ’, म्हणजे मूळ आकड्याच्या, रकान्यात शून्य असावं. 197 मध्ये काही आकडा असेल आणि दर वेळी वाढत असेल, तर डिस्क घसरणीला लागली आहे. 199 वेगळा: तो डेटा वाटेत बिघडल्याच्या चुका मोजतो, म्हणजे तो वाढला तर जोडणीचा दोष.

माझी चूक इथलीच. काही वर्षांपूर्वी स्वतःची एक डिस्क ‘रॉ’ झाली. स्मार्ट बघितलं नाही. रात्री विंडोजची सी-एच-के-डी-एस-के आज्ञा स्लॅश आर लावून चालू केली आणि झोपलो. स्लॅश आर म्हणजे सबंध पृष्ठभाग सेक्टर-सेक्टर वाचून काढणं. दमलेल्या डिस्कला त्याहून मोठी शिक्षा नसेल. सकाळी स्क्रीनवरची टक्केवारी रात्री होती तिथून जेमतेम पुढे सरकलेली, आणि डिस्कमधून टक्, टक्. आधी जे वाचवता आलं असतं ते रात्रभरात मीच घालवलं होतं.

## आधी प्रत, मग उपचार

स्मार्टमध्ये गडबड असेल किंवा डेटा एकमेव असेल, तर दुरुस्ती मूळ डिस्कवर करायचीच नाही. तितकीच किंवा मोठी दुसरी डिस्क घ्या आणि सेक्टरगणिक प्रत काढा. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू. त्याची खुबी अशी की तो आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतो, अडखळला की तिथून पुढे उडी मारतो आणि अवघड जागांकडे सगळ्यात शेवटी वळतो. साध्या कॉपीचं उलट असतं: ती पहिल्याच खराब फाइलवर डोकं आपटत बसते आणि डिस्कचं उरलेलं आयुष्य तिथेच खर्च होतं.

पहिली फेरी ‘एन’ हा पर्याय लावून, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता. मॅप फाइलचं नाव दिल्याशिवाय कधीही चालवू नका. कुठला भाग झाला, कुठला राहिला याची नोंद तीत असते, त्यामुळे मधेच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येतं. पहिली फेरी झाली की दुसरीत ‘आर3’ देऊन उरलेल्या जागांवर तीन प्रयत्न. आणि मूळ कुठली, प्रत कुठली हे आज्ञा चालवण्याआधी दोनदा वाचा. आकार आणि मॉडेलचं नाव जुळवून बघा. क्रम उलटा पडला तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते.

मग प्रतीवर हवे ते प्रयोग करा. सी-एच-के-डी-एस-के कुठलाही पर्याय न लावता चालवलं तर ते फक्त बघतं, बदलत काही नाही. पहिल्यांदा तसंच चालवा. स्लॅश एफ लावलं की दुरुस्ती होते, आणि ज्या तुकड्यांची नावं हरवली आहेत ते ‘फाउंड’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये निनावी फाइल्स होऊन पडतात. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतं, आणि एनटीएफएसचं बूट सेक्टर, म्हणजे पार्टिशनचा पहिला सेक्टर, बिघडलं असेल तर पार्टिशनच्या शेवटी ठेवलेल्या प्रतीवरून परत बसवतं. ईएक्सटी4 चा सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टिमच्या मांडणीची मुख्य नोंद, गेला असेल तर इ-2-एफ-एस-सी-के ला पर्यायी सुपरब्लॉक सांगता येतो, 4 केबीचे ब्लॉक असतील तर बहुधा 32768. काहीच जमलं नाही तर फोटोरेक. ते फाइल सिस्टिमकडे बघतच नाही, फाइल्सच्या ठेवणीवरून त्या ओळखून उचलतं. नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, फोटो मिळतात.

एसएसडीच्या बाबतीत आशा कमी ठेवा. तिच्यावर एकदा फॉरमॅट झालं आणि ट्रिमची, म्हणजे रिकामे ठरलेले कप्पे पुसून टाकण्याची, आज्ञा पोचली, तर जुना डेटा सॉफ्टवेअरने परत मिळत नाही.

## केस उघडून बघायची का

फक्त ब्रिज गेलाय असा दाट संशय असेल तर प्लॅस्टिकची बाहेरची केस उघडून आतली डिस्क दुसऱ्या केसमध्ये किंवा थेट साटाला लावून बघता येते. बाहेरची केस म्हणतोय. डिस्कचं धातूचं झाकण नव्हे. तीन खाचखळगे आहेत. बऱ्याच नव्या पोर्टेबल डिस्कच्या बोर्डावर साटाचं तोंडच नसतं, यूएसबीचं सॉकेट थेट तिथेच बसवलेलं असतं. काही केसमधला ब्रिज सगळा डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक करून, लिहितो, तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरी. तिथे डिस्क वेगळी काढली की नुसता कचरा दिसतो. तिसरा प्रकार लोकांना उगाच घाबरवतो: 2 टीबीहून मोठ्या काही डिस्कचा ब्रिज 512 बाइटचे सेक्टर 4096 चे म्हणून दाखवतो. केसबाहेर काढल्यावर मोजमाप बदलतं, पार्टिशन टेबलचे सगळे आकडे चुकीच्या जागी बोट दाखवतात आणि डिस्क रिकामी वाटते. डेटा जागच्या जागी असतो. तशाच केसमध्ये परत घातली की दिसतो.

धातूचं झाकण उघडणं, डिस्क फ्रीझरमध्ये ठेवणं, हातावर आपटणं: यातलं काहीही नको. फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर बाष्प धरतं आणि नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा अंश जातो. दुसऱ्या तशाच डिस्कचा बोर्ड काढून लावण्याची युक्ती फार जुन्या डिस्कवर चालायची. आता प्रत्येक बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मोजमापं साठवलेली असतात, नुसता बोर्ड बदलून भागत नाही. टकटक, चिकटलेली मोटर, पडलेली किंवा भिजलेली डिस्क ही क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त खोली, असलेल्या रिकव्हरी प्रयोगशाळेची कामं. तिथे देताना आधी काय काय करून झालंय ते खरं सांगा, लाज न बाळगता. भिजलेली डिस्क वाळवूही नका, लावूही नका, तशीच पिशवीत बंद करून द्या.

## माउंट झाली, आता

समजा एवढ्या खटपटीनंतर डिस्क उघडली. बघत बसू नका, क्रमाने फोल्डर चाळू नका. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उचला: फोटो, हिशेब, लिहिलेलं. सिनेमे शेवटी. कॉपी चालू असताना लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करा. कॉपी झालेल्या पाच-दहा फाइल्स नव्या जागी उघडून बघा, नुसती नावं दिसणं पुरेसं नाही.

मग तीच डिस्क पुढे वापरायची का? केबल किंवा अक्षराचा दोष होता आणि 5, 197, 198 शून्य असतील तर खुशाल. 197 मध्ये थोडे सेक्टर असतील, तर डेटा हलवल्यावर पूर्ण फॉरमॅट करा, क्विक नव्हे. त्यात प्रत्येक सेक्टरवर लिहिलं जातं आणि आकडा शून्यावर येऊन 5 मध्ये फार भर पडली नाही तर दुय्यम कामाला ठेवता येईल. 5 वाढत राहिला तर तिला निरोप द्या.

आणि दोष केबलचा निघाला असेल तर ती केबल ड्रॉवरमध्ये परत टाकू नका. मी ती तिथल्या तिथे कात्रीने मधोमध कापतो. नाहीतर सहा महिन्यांनी तीच हाताला लागते, आणि डिस्क पुन्हा माउंट होत नाही.